याला खातं कोन?

"म्हावरा खाता का?"

खोली बघायला गेले तेव्हा काकींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मानपाड्याजवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात बायोलॉजी शिकवायची नोकरी मला नुकतीच लागलेली, तीही तासावर. महिनाभर मी दिव्यापासून डोंबिवलीपर्यंत खोल्या बघत फिरत होते आणि हा प्रश्न मला दारोदारी विचारला गेला होता. त्याचं बरोबर उत्तर मला आता पाठ झालं होतं.

"नाही काकी. मी शुद्ध शाकाहारी. अंडंसुद्धा नाही," मी मान ताठ करून सांगितलं.

काकींचा चेहरा पडला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा पायरीवर लोळणाऱ्या दोन मांजरांकडे.

"मंग यांनी काय खायचं गो?"

मला वाटलं, ही पण खोली गेली. पण काकींनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "भाजी तं करशील ना? साला निघतील ना? चल, तुना मागची खोली देते."

त्यांची दोन मजली इमारत होती आणि तिच्यात कोण कुठे राहणार हे त्या स्वतः ठरवायच्या. पुढच्या खोल्या मासे खाणाऱ्यांना. म्हणजे काटे-मुंडकी मांजरांना मिळतात, मांजरं तिथेच पडून राहतात आणि उंदीर पुढच्या बाजूने आत शिरत नाहीत. मागच्या खोल्या भाजीवाल्यांना, कारण मागे सालांचा खड्डा होता. खड्ड्यात गांडुळं, गांडुळांवर कोंबड्या आणि कोंबड्यांच्या पायांखाली तयार होणारं खत काकींच्या भोपळ्याला. वरच्या कोपऱ्यातल्या खोलीबाहेर जांभळाचं झाड होतं. त्यावर रात्रभर वटवाघळं किंचाळायची. ती खोली त्यांनी एमआयडीसीत कायम रात्रपाळी करणाऱ्या एका गृहस्थांना दिली होती. "तो नसतो तवा ती येतात, ती नसतात तवा तो येतो. भांडान नाय."

हे सगळं त्यांनी कुठे वाचलं नव्हतं. शाळा चौथीतच सुटलेली. अंगात गाऊन, गळ्यात जाडजूड सोनं, पायात काही नाही आणि डोक्यावर मुलाने भरवलेल्या क्रिकेट टूर्नामेंटची निळी टोपी, अशा अवतारात त्या दिवसभर घराभोवती फिरायच्या. त्यांच्या सासरची भातशेती होती, खाडीकडे मिठागर होतं. आता त्या सगळ्यावर टॉवर उभे होते. उरली होती ती ही इमारत आणि तिच्या मागचं एक तळं. सासऱ्यांनी कधीकाळी घर लिंपायला माती काढली आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं, एवढाच त्या तळ्याचा इतिहास.

काकींचं एक वाक्य होतं. कुठलीही नवी वस्तू, नवा प्राणी, नवा माणूस समोर आला की त्या डोळे बारीक करून विचारायच्या, "याला खातं कोन?"

कोळी दिसला, की पाल खाते. पाल दिसली, की मांजर. उत्तर मिळालं की त्या निश्चिंत. उत्तर नाही मिळालं की अस्वस्थ. एकदा वाऱ्याने उडत आलेली प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी काठीने उचलली आणि मला दाखवली. "बग पोरी. याला कोन खात नाय. मंग यो मरनार कसा?" दिवसभर त्या पिशवीचं त्यांना वाईट वाटत होतं, तिला कुणी नाही म्हणून.

एकदा मी कॉलेजातून रडवेली होऊन आले. प्रिन्सिपॉलांनी सगळ्या स्टाफसमोर झापलेलं. काकींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला खातं कोन?"

मी विचार करून म्हटलं, "संस्थेचे सेक्रेटरी."

"रोज?"

"रोजच. फोनवर."

"झालं तं मंग," म्हणून त्या भोपळ्याला पाणी घालायला निघून गेल्या. मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉल फोनवर "हो सर, हो सर" करताना दिसले तेव्हा मला त्यांची पहिल्यांदाच दया आली.

माझ्या पुस्तकातल्या अन्नपिरॅमिडचं चित्र मी एकदा त्यांना कौतुकाने दाखवलं. खाली गवत, मग नाकतोडा, मग बेडूक, मग साप आणि टोकावर ससाणा. काकींनी टोकावर बोट ठेवलं.

"याला खातं कोन?"

"कुणी नाही काकी. हा सगळ्यात वरचा."

"मेल्यावर?"

"मेल्यावर... किडे. बुरशी. जीवाणू."

"आनि त्याचं काय व्हतं?"

"माती. मग गवत."

"मंग यो वर कसा? यो तं खालीच आला." त्यांनी पुस्तक मला परत दिलं. "चित्र चुकलंय. गोल पायजे."

मी दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर गोल काढला. दोन वर्षं तो धडा शिकवत होते, पण त्या दिवशी शेवटच्या बाकावरून पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारला.

काकींचं सगळ्यांशी जमायचं, फक्त सुनेशी नाही. वहिनी कल्याणच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या. त्यांना घर लख्ख लागायचं. रोज फिनेलने फरशी, दर रविवारी जाळी काढणं. दिवाळीच्या सफाईला काकींचा हुकूम असायचा की अर्धीच जाळी काढायची, अर्धी ठेवायची. वहिनी अर्धी काढायच्या आणि काकी दुपारी झोपल्या की उरलेली अर्धीही काढायच्या. काकींनी बाथरूममध्ये पाळलेला एक बेडूक होता. वहिनी त्याला सुपलीत घालून अंगणात सोडायच्या, संध्याकाळी तो परत मोरीत. दादा, म्हणजे काकींचा मुलगा, या भांडणात कुणाचीच बाजू घ्यायचा नाही. त्याचे दोन डंपर आणि एक जेसीबी होता. भांडण सुरू झालं की त्याला साइटवर काम निघायचं.

आणि काकींच्या करवंट्या. गॅलरीत, जिन्यात, पत्र्याच्या कडेला, जांभळाच्या फांद्यांना त्यांनी नारळाच्या करवंट्या सुतळीने टांगल्या होत्या, चिमण्या-बुलबुलांच्या पाण्यासाठी. रोज सकाळी लोटा घेऊन त्या फेरी मारायच्या आणि प्रत्येक करवंटीत वरून थोडं पाणी घालायच्या. आतलं जुनं पाणी कधी फेकायच्या नाहीत. तळ्यातलं पाणी जितकं जुनं तितकं त्यात जीव जास्त, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. "शिळं पानी जितं असतं," त्या म्हणायच्या. "नलाचं पानी मेलेलं."

माझं तिसरं वर्ष होतं. नवरात्र नुकतंच बसलेलं. परी, म्हणजे काकींची पाच वर्षांची नात, तापाने फणफणली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, डेंग्यू. प्लेटलेट्स घसरत होत्या. तिला डोंबिवलीत हॉस्पिटलमध्ये ठेवलं. वहिनी तिच्याजवळच राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा कपडे न्यायला घरी आला तेव्हा दारातच काकींना म्हणाला, "आई, ती बोलतेय, ते तळं बुजवल्याशिवाय परीला घेऊन या घरात येणार नाय. मी पण तेच बोलतो. उद्या सकाळी मातीच्या गाड्या येतील."

काकी भांडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बुजव," त्या म्हणाल्या. "पोरीपरीस तलं मोठं नाय."

दादा गेला. काकी मागच्या पायरीवर तळ्याकडे तोंड करून बसल्या. मी चहा करून नेला, तो तसाच राहिला. मी शेजारी बसले आणि मला एकदम माझाच धडा आठवला. दरवर्षी मी तो शिकवते, दरवर्षी मुलं त्यावर दोन मार्कांचं उत्तर लिहितात. डेंग्यूचा डास घराजवळच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. छोट्या भांड्यांत, टायरांत, ड्रमांत.

"काकी, उठा," मी म्हटलं. "आपण आधी बघू या तरी."

मी घरातून पांढरी ताटली आणि डाव आणला. अजून चांगला उजेड होता. तळ्याच्या काठाने आम्ही जागोजागी पाणी काढून ताटलीत ओतून बघितलं. पहिल्या ताटलीत बारके मासे. दुसरीत पाठीवर पोहणारे किडे, वल्ही मारल्यासारखे पाय मारणारे. तिसऱ्या ताटलीत एक डासाची अळी सापडली. मी काकींना ती दाखवते आहे तेवढ्यात ताटलीतल्याच चिखलातून चतुराचं पिल्लू पुढे सरकलं आणि त्याने ती अळी पकडली. आमच्या डोळ्यांदेखत खाऊन टाकली.

काकी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "दात घासायला पन नाय थांबला."

"इथे डास वाढूच शकत नाहीत, काकी. इथे त्यांना खाणारे बसलेत."

"मंग डास कुठं हायेत?"

आम्ही इमारतीत शोधायला लागलो. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे प्रत्येक मजल्यावर निळे ड्रम होते. मला खात्री होती की ड्रमांतच सापडणार. पण एकेका ड्रमावर वहिनींनी जुन्या ओढण्या घट्ट बांधून टाकलेल्या, वर झाकण, झाकणावर वीट. बारा ड्रम पाहिले. बाराच्या बारा स्वच्छ. काकींनी एका ओढणीची गाठ ओढून बघितली. सुटली नाही.

परीच्या खोलीबाहेरच्या गॅलरीत आलो. तिच्या खिडकीच्या गजाला एक करवंटी टांगलेली होती. मी सहज हात लावला, ती हलली, आणि आतलं पाणीही हललं. पण पाणी शांत झाल्यावरही आत काहीतरी हलतच राहिलं. मी ती सोडवून ताटलीत ओतली. ताटली वळवळणाऱ्या अळ्यांनी भरून गेली.

दुसरी करवंटी. तिसरी. जिन्यातली. सगळीकडे तेच.

मी काकींकडे बघितलं नाही. मला बघवेना. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं की आत्ताच या सगळ्या गुपचूप काढून टाकू या. तळं निर्दोष आहे एवढं दादाला सांगू, बाकीचं कशाला? मी तसं बोललेही. "काकी, मी टाकते सगळ्या. कुणाला सांगायची गरज नाही."

काकी ताटलीवर वाकल्या होत्या.

"याला खातं कोन?" त्यांनी हळूच विचारलं, मला नाही, स्वतःलाच. मग स्वतःच उत्तर दिलं. "कोनी नाय. मासा नाय, किडा नाय. मी त्यांना एकलं घर बांधून दिलं. रोज पानी दिलं."

त्यांनी आत जाऊन स्टीलचा डबा आणला. खिडकीवरच्या करवंटीतलं उरलेलं पाणी त्यात ओतलं आणि झाकण लावलं. टोपी परत डोक्यावर चढवली आणि "रिक्षा बोलव," म्हणाल्या.

"कुठे?"

"हॉस्पिटलात."

आम्ही पोचलो तेव्हा भेटीची वेळ संपत आलेली. खोलीत पाच-सहा खाटा, प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी. परी झोपली होती, हाताला सलाइन. वहिनी तिच्या उशाशी स्टुलावर बसलेल्या. चार दिवसांत त्यांचा चेहरा निम्मा झालेला. दादा दारातच उभा होता. काकी थेट वहिनींसमोर गेल्या आणि झाकण उघडून डबा त्यांच्या नाकाखाली धरला.

"बग."

वहिनींनी बघितलं. "हे काय?"

"तुझ्या ड्रमात नाय गावलं. तल्यात पन नाय. माझ्या करवंटीत गावलं. परीच्या खिडकीवरच्या." काकींचा आवाज त्या खोलीत सगळ्यांना ऐकू जात होता आणि तो त्यांनी कमी केला नाही. "पोरीला ताप तुझ्या सासूनं आनला. तलं बुजवू नको बोलायला नाय आले मी. बुजवायचं तं बुजव. पन खरं काय ते तुना ठावं असावं."

वहिनींनी डब्यात पाहिलं, मग काकींच्या डोक्यावरच्या निळ्या टोपीकडे, मग परत डब्यात. त्यांचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं आता भडका उडणार.

"आई," त्या म्हणाल्या, "तुम्ही डेंग्यूच्या वॉर्डात डास घेऊन आलात?"

आणि त्यांना हसू फुटलं. तोंडावर हात दाबूनही आवरेना. मग हसता हसताच त्या रडायला लागल्या आणि काकींच्या पोटात डोकं घालून बसल्या. काकींच्या एका हातात डबा तसाच, दुसरा हात सुनेच्या पाठीवर. शेजारच्या खाटेवरची बाई मच्छरदाणीतून बघत होती, तीही हसायला लागली. तेवढ्यात सिस्टर आल्या. त्यांनी डब्यात काय आहे ते पाहिलं आणि "कोणी आणलं हे? कोणी आणलं?" असं ओरडत डबा हिसकावून घेऊन गेल्या. त्या गोंधळात परी जागी झाली आणि खूप दिवसांनी तिने काहीतरी खायला मागितलं. बिस्किट.

त्या रात्रीच्या रिपोर्टात प्लेटलेट्स चढायला लागल्याचं कळलं. वहिनींनी दादाला सांगितलं, "मातीच्या गाड्या परत पाठवा."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच दादाचा एक डंपर येऊन गेला. ड्रायव्हरला निरोप मिळायच्या आत त्याने तळ्याच्या काठावर अख्खी गाडी ओतली होती, पाण्यापासून दोन हात अलीकडे. दुसरी गाडी वाटेतून परत गेली. तो लाल मातीचा ढीग तिथेच राहिला, दादाला उचलायला वेळ नव्हता.

परी घरी आली. करवंट्या सगळ्या उतरवल्या. काकी पक्ष्यांना पाणी देणं बंद करणार होत्या, पण वहिनींनीच मातीचं एक मोठं भांडं आणून गॅलरीत ठेवलं. ते रोज संध्याकाळी उपडं करून घासून ठेवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. काकींचा तळ्याबाहेरच्या पाण्यावरचा विश्वास उडाला होता. त्या मधूनच जाऊन भांड्यात डोकावून यायच्या आणि म्हणायच्या, "मेलेलं हाय. बरं हाय." रविवारी जाळी काढायला वहिनींनी हातात झाडू घेतला की काकी खुर्चीवर बसून एकेका कोळ्याची वकिली करायच्या. वहिनी ऐकून घ्यायच्या. चारातले दोन सुटायचे.

उन्हाळा आला. दादाला मानपाड्याच्या एका साइटवर भरावाला माती हवी होती आणि त्याला तळ्याकाठचा ढीग आठवला. एके सकाळी तो स्वतः जेसीबी घेऊन मागे आला. माझ्या खिडकीतून सगळं दिसत होतं. काकी भोपळ्याजवळ होत्या. तो म्हणाला, "आई, माती उचलतो." त्या म्हणाल्या, "उचल की. तुझीच हाय."

जेसीबीचा पंजा वर गेला. तेवढ्यात एक खंड्या निळ्या रेघेसारखा तळ्यावरून आला, चोचीत मासा, आणि सरळ ढिगाऱ्यात घुसला. नाहीसाच झाला. पावसाळ्यानंतरच्या उन्हात घट्ट झालेल्या त्या मातीच्या उभ्या कडेला मुठीएवढं एक भोक होतं. क्षणभराने तो रिकाम्या चोचीने बाहेर आला आणि परत तळ्याकडे उडाला. आतून पिल्लांची बारीक किरकिर ऐकू येत होती.

दादाने इंजिन बंद केलं. खाली उतरला, भोकापाशी कान नेला, मग मागे येऊन जेसीबीच्या चाकाला टेकून बसला. खंड्या परत आला, परत मासा घेऊन. दादाचा फोन वाजला. त्याने उचलला आणि हळू आवाजात बोलायला लागला.

"हां शेठ. नाय हो, आज नाय जमत. जेसीबी बंद पडला. कसला तरी पार्ट गेलाय. पुण्यावरनं मागवलाय... आता काय सांगू, पंधरा-वीस दिवस तरी जातील. हां, हां. मी कलवतो."

फोन खिशात टाकून तो पुन्हा त्या भोकाकडे बघत बसला.

काकी माझ्या खिडकीखाली आल्या. हातातला लोटा त्या विसरून गेल्या होत्या, पाणी त्यांच्या पायांवर सांडत होतं. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. इतका आनंदी चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"आयकलंस गो?" त्या कुजबुजल्या. "केवडं खोटं बोलला!"